माझं कोरं बटण

मित्रांनो, मला टीव्हीचा रिमोट समजून आवाज कमी करायला जाऊ नका. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनी ती चूक पुष्कळदा केली आहे. मी एक जुना गेम कंट्रोलर आहे. रंगानं करडा, वायरवाला आणि डाव्या खांद्यावर चिकटपट्टी मिरवणारा. पडद्यावरचे बास्केटबॉलचे खेळाडू धावतात, उड्या मारतात, चेंडू टोपलीत टाकतात आणि सगळ्या टाळ्या स्वतः घेऊन जातात, ते खरं तर माझ्या जिवावर. पण मी कुरकुर करत नाही. पडद्यामागच्या माणसानं कुरकुर करायची नसते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पट्ट्यावरून सरकत सरकत आम्ही शेवटच्या टेबलावर आलो, तेव्हा तिथं एक बाई बसल्या होत्या. प्रत्येकाची सगळी बटणं त्या अंगठ्यानं दाबून बघायच्या. माझं पासचं, म्हणजे चेंडू आपल्या दुसऱ्या खेळाडूकडे द्यायचं, बटण दाबलं आणि त्या शेजारणीला म्हणाल्या, "अगं, याचं हे बटण बघ. कसं लोण्यासारखं आहे!" मित्रांनो, हे माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक. पुढं कित्येक वर्षं त्याच बटणाला कोणी बोट लावणार नाही, हे तेव्हा मला कुठून ठाऊक असणार?

खोक्यात माझ्याबरोबर माझा जुळा भाऊ होता. आम्हा दोघांना ज्यांनी विकत घेतलं ते गृहस्थ दूरच्या बंदरावर क्रेन चालवायचे आणि सुट्टीपुरते घरी यायचे. त्यांनी आम्हाला आपल्या लेकीसाठी आणलं. घरी आल्यावर मात्र आमची वाटणी झाली. मी लेकीकडे गेलो आणि माझा भाऊ गेला तिच्या मामाकडे.

मामा केस कापायचा. खाली त्याचं दुकान, वर आम्हा सगळ्यांचं घर, आणि दोघांच्या मध्ये एक अरुंद, उभा जिना. दुकान बंद झालं की मामा वर यायचा, हात धुवायचा आणि माझ्या भावाला उचलायचा. कितीही हात धुतले तरी भावाच्या अंगाला पावडरीचा वास यायचा आणि त्याच्या फटींत बारीक बारीक केस अडकलेले असायचे. मी त्याला चिडवायचो, "तुला दाढी येतेय रे!"

भाचीला घरात तिच्या खऱ्या नावानं कोणी हाक मारत नसे. खेळताना चेंडू घेऊन एकाच जागी गरगर फिरायची तिला खोड, म्हणून मामानं तिचं नाव भोवरी ठेवलं आणि ते तिला कायमचं चिकटलं.

हा खेळ तुम्ही खेळला नसाल, तर थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे पाच-पाच खेळाडू. एक बाजू चेंडू घेऊन टोपलीकडे निघते, दुसरी तिला अडवते. अडवायच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत आणि खेळात त्यांना मोठमोठी नावं आहेत. मामानं मात्र त्यांना आपल्या धंद्यातली नावं दिली होती. प्रत्येक जण समोरच्या एकाला धरून तो जाईल तिकडे जातो, तो 'आरसा'. पाचही जण टोपलीभोवती घेर धरून उभे राहतात, ती 'वाटी'. डोक्यावर वाटी उपडी ठेवून केस कापावेत तसा तो घेर दिसतो म्हणून. चेंडूवाल्यावर दोघं दोन बाजूंनी येतात, ती 'कात्री'. आणि चेंडू हातात पडतो न पडतो तोच मैदानाच्या पार दुसऱ्या टोकापासून सगळे अंगावर धावून येतात, तो 'गरम टॉवेल'. मामा म्हणायचा, "गरम टॉवेल तोंडावर पडला की भल्याभल्यांना काही सुचत नाही."

मामा एका सामन्यात या चारही तऱ्हा आलटूनपालटून वापरायचा. भोवरीला मात्र हल्ल्याची एकच तऱ्हा माहीत होती. तिचं नाव लंबू. पडद्यावरचे खेळाडू आपणच घडवायचे असतात. भोवरीनं पहिला खेळाडू घडवला तो खेळ परवानगी देईल तेवढा उंच, तोच लंबू. पाचव्या खेळाडूपर्यंत येता येता तिला कंटाळा आला आणि जे हाताला लागेल ते दाबून तिनं एक बुटका, गोल गरगरीत प्राणी तयार केला. त्याला सगळे बटाट्या म्हणायचे. बटाट्या मैदानात असायचा एवढंच. त्याला चेंडूचा रंग तरी माहीत होता की नाही, कोण जाणे.

चेंडू लंबूकडे, लंबूची गिरकी, लंबूची धाव, लंबूची उडी. समोर आरसा असो की वाटी, हाच पाढा. माझं धावायचं बटण झिजून गुळगुळीत झालं. नेम धरायच्या बटणावरचं अक्षर पुसून गेलं. आणि पासचं बटण? दुकानातून आणलं तसं कोरं! जेवणाच्या पंगतीत वाढपी आपल्यालाच चुकवून पुढं जातो, तेव्हा कसं वाटतं ते आठवून बघा.

भोवरी हरायची, हसायची, आणि पुन्हा खेळायची. दिवस मजेत चालले होते. मग मामाचा गुडघा बिनसला.

दिवसभर उभं राहायचा धंदा त्याचा. आधी तो जिन्यात मध्येच एकदा बसायला लागला. नंतर वर येईपर्यंत त्याचा चेहरा पांढरा पडायला लागला. पुढं त्यानं दुकानात उंच स्टूल आणलं आणि बसून केस कापायला सुरुवात केली. त्या नादात समोर दुकान असलेल्या चष्मेवाल्याचा एक कल्ला वर गेला आणि एक खाली राहिला. चष्मेवाल्यानं आरशात चष्मा घालून बघितलं, काढूनही बघितलं, आणि पैसे ठेवून निघून गेला. मामा त्या दिवशी जेवला नाही.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा, बरे व्हाल. टाळत बसलात तर उभं राहायचं विसरा. मित्रांनो, दिवसभर दुसऱ्यांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवणारा आमचा मामा, स्वतःवर सुरी चालणार म्हटल्यावर पार गळाठला.

"मी अनोळखी माणसाच्या हातात असा आडवा पडणार नाही," तो म्हणाला.

भोवरीची आई म्हणजे मामाची धाकटी बहीण. ती शहराची बस चालवायची आणि आडवळणानं बोलायची नाही. "दादा, तुझं गिऱ्हाईक वस्तऱ्यासमोर मान मोकळी करून बसतंच ना?"

"ते मला ओळखतात."

"पहिल्या दिवशी ओळखत होते का?"

मामा माझ्या भावाला कुरवाळत म्हणाला, "बरं बाई, असं करू. ज्या दिवशी ही भोवरी मला हरवेल, त्या दिवशी डॉक्टरांना फोन करा. मी एका शब्दानं नाही म्हणणार नाही."

भोवरीनं त्याला आजवर एकदाही हरवलं नव्हतं. मामानं पळवाट शोधली होती, आणि ती सगळ्यांना कळली होती. पण भोवरीनं मला घट्ट धरलं. तिचे तळवे घामानं ओले झाले होते. हसत हसत हरायचे दिवस संपले, हे मला त्या घामावरूनच समजलं.

त्यानंतर ती जीव तोडून खेळली. म्हणजे लंबूलाच आणखी जोरात पळवायला लागली. मामानं वाटी लावली की लंबू वाटीच्या कडेवर आपटायचा, कात्री आली की चेंडू घालवून बसायचा. एकदा बरोबरी होता होता गरम टॉवेल आला आणि सगळं हातचं गेलं. भोवरीनं रागानं मला फेकलं. मी सोफ्याच्या लाकडी हातावर आपटलो आणि माझ्या डाव्या खांद्याला चीर गेली.

मला तिचा राग आला नाही. मामा उठला, लंगडत खाली गेला, दुकानातली चिकटपट्टी घेऊन लंगडत वर आला आणि त्यानं माझा खांदा बांधला. "याचा काय गुन्हा?" एवढंच म्हणाला. जिना उतरून-चढून त्याला पाय टेकवत नव्हता. ते बघून भोवरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मला जोड्यांच्या खणात ठेवून दिलं आणि खण लावून टाकला.

ते दिवस वाईट होते. अंधारात माझ्या सोबतीला आईचे जुने बूट आणि एक कोळी. कोळ्यानं माझ्या वायरीवर जाळं विणायला घेतलं, तेव्हा मी समजलो की आपले दिवस भरले. बाहेरून जिन्यावरची मामाची पावलं ऐकू यायची. एक पाऊल, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरं पाऊल.

मला बाहेर काढलं ते आईनं. ती बूट शोधत होती. सापडला मी. जाळं पुसून तिनं मला भोवरीच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः इस्त्री करायला बसली.

"आई, काही उपयोग नाही. तो दर वेळी वेगळंच काहीतरी करतो."

"आणि तू?"

"मी काय?"

"तू दर वेळी तेच करतेस. अगं, माझ्या बसचा मार्ग ठरलेला असतो. रोज त्याच थांब्यांवर जायचं. पण समोर ट्रक उभा असला तर मी त्याच्या मागं हॉर्न वाजवत बसते का? बाजूची लेन मोकळी आहे का बघते." आईनं बाहीची घडी मोडली. "आणि तुझ्या बसमध्ये पाच जण आहेत ना? चौघं नुसते तिकीट काढून बसलेत."

भोवरीनं माझी वायर जोडली आणि खेळ सुरू केला. मग तिनं अंगठा उचलला आणि माझं पासचं बटण दाबलं. मित्रांनो, मला अशा गुदगुल्या झाल्या की काय सांगू! चेंडू लंबूच्या हातून सुटला आणि बटाट्याच्या पोटावर जाऊन आदळला. आई आणि भोवरी दोघी पोट धरून हसल्या.

त्या दिवसापासून आमचा अभ्यास सुरू झाला. भोवरी शाळेतून आली की एकटीच खेळायची आणि मशीनला एकेक तऱ्हा लावायला सांगायची. वाटी टोपलीजवळ दाट असते, म्हणजे कोपरे उघडे पडतात. चेंडू भराभर फिरवायचा आणि कोपऱ्यातून लांबूनच टाकायचा. आरसा असला की आपल्यातल्याच एकाला मध्ये आडोशाला उभं करायचं, पाठलाग करणारा त्याला धडकतो आणि आपला माणूस सुटतो. कात्री आली तर घाबरायचं कारणच नाही. एकावर दोघं आले म्हणजे आपला कोणीतरी एक मोकळा आहे, तो शोधायचा. गरम टॉवेल तेवढा जमेना. सगळे पुढं धावून येतात तेव्हा मागं रान मोकळं असतं, तिथं लांब चेंडू फेकायला हवा, हे तिला कळत होतं. पण टॉवेल पडेपर्यंत पत्ताच लागायचा नाही.

तो पत्ता तिला दुकानात लागला. ती मामाचा डबा घेऊन खाली गेली होती. मामा स्टुलावर बसून एका गिऱ्हाइकाची दाढी करत होता. वाफाळता टॉवेल पिळून त्यानं हातात घेतला आणि सवयीनं म्हणाला, "डोळे मिटा हं."

भोवरी डबा ठेवून जी धावत सुटली ती वर येऊन थांबली. "आई! मामा खेळतानासुद्धा म्हणतो! टॉवेल टाकायच्या आधी! हळूच!"

खरंच म्हणायचा. धंद्यातली सवय. माझ्या भावानं ते शेकडो वेळा ऐकलं होतं, पण त्याला वाटायचं मामा त्यालाच डोळे मिटायला सांगतोय, आणि तो बिचारा इमानानं मिटायचा.

पुढच्या सामन्यात मामा पुटपुटला, "डोळे मिटा हं," आणि भोवरीनं लांब चेंडू फेकला. मामाचे पाचही जण पुढं धावत आले होते. मागं लंबू एकटा उभा होता. आरामात टोपली. मग परत एकदा. मामा जिंकला खरा, पण जेमतेम. तो माझ्या भावाकडे संशयानं बघायला लागला.

आता आमच्या आईच्या तोंडात तीळ भिजत नाही. जेवताना ती इतकी हसली की मामानं कारण विचारलं, आणि तिनं सांगून टाकलं. भोवरीनं कपाळावर हात मारला. मामा नुसता मिशीत हसला.

दुकानाच्या सुट्टीचा दिवस उजाडला. आई कामाचा गणवेश न उतरवता तशीच येऊन बसली. मामानं पाय उशीवर ठेवला. दुखत होता, हे त्याच्या ओठांवरून दिसत होतं.

तो सामना मी कधी विसरणार नाही. मामानं वाटी लावली, भोवरीनं कोपऱ्यातून टोपली केली. मामानं आरसा धरला, भोवरीनं आडोसा घेतला. "वा गं वा!" मामा म्हणाला आणि ताठ बसला. माझं पासचं बटण तापलं होतं. शेवटचं मिनिट सुरू झालं तेव्हा भोवरी एका गुणानं पुढं होती. आणि चेंडूही तिच्याकडेच.

"डोळे मिटा हं," मामा म्हणाला. या खेपेला चांगलं मोठ्यानं.

भोवरीनं विचार न करता लांब चेंडू फेकला. पण टॉवेल आलाच नाही! मामाचे पाचही जण मागं वाटी धरून उभे होते. चेंडू आयता त्यांच्या हातात पडला, पलीकडे गेला, टोपलीत गेला. आता मामा एका गुणानं पुढं.

"मामा, हे खोटं आहे!"

"मी फक्त डोळे मिटा म्हणालो. तू मिटलेस," मामा म्हणाला. "तोंडाकडे काय बघतेस माझ्या? मैदानाकडे बघ."

शेवटचा चेंडू. काही सेकंद. मामानं ओठ शिवल्यासारखे मिटून घेतले. भोवरीनं चेंडू लंबूकडे दिला. तिचा अंगठा माझ्या धावायच्या बटणावर आला आणि तिथंच थांबला. मला जाणवलं, ती बघते आहे. डावीकडून एक जण लंबूकडे सरकत होता. उजवीकडून दुसरा. कात्री! म्हणजे कोणीतरी एक मोकळा आहे.

मोकळा होता बटाट्या. त्याला राखायला कोण वेळ घालवणार? कोपऱ्यात एकटा, पोट पुढं काढून उभा.

भोवरीनं पासचं बटण दाबलं. ते लोण्यासारखं आत गेलं. बटाट्यानं चेंडू झेलला, दोन इंच उडी मारली आणि फेकला. चेंडू टोपलीच्या कडेवर बसला, कडेवरून फिरला, आणि आत पडला.

पहिली आरोळी भोवरीची नव्हती, मामाची होती! "बटाट्या! अगं बटाट्यानं केलं!" तो गुडघा विसरून उभा राहिला, कळवळून खाली बसला आणि मग त्याला आठवलं. त्याचा चेहरा उतरला. "तीनपैकी दोन सामने धरूया?" त्यानं विचारलं.

आईच्या हातात फोन होता. पलीकडे घंटी वाजतसुद्धा होती.

भोवरी मामाजवळ जाऊन बसली. "मामा, मी तिथं बाहेरच असेन. तू बाहेर येईपर्यंत जागची हलणार नाही." मामानं मान डोलावली. त्याला भीती वाटत होती आणि त्यानं ती लपवली नाही. पण दिलेला शब्द त्यानं फिरवलाही नाही.

पुढचं मी बघितलं नाही, मामाच्या तोंडून ऐकलं. ऑपरेशनच्या खोलीत त्याला आडवं केलं, वर मोठा दिवा लावला, आणि भूल देणाऱ्या बाई त्याच्या उशाशी आल्या. मामाचे दात वाजत होते. बाई वाकून म्हणाल्या, "डोळे मिटा हं."

मामा म्हणाला, "बाई, खरंच टॉवेल आहे, की वाटी?" आणि स्वतःच इतका हसला की हसता हसताच झोपी गेला.

मित्रांनो, मामा आता दुकानात उभा राहून केस कापतो. जिना एका दमात चढतो आणि वर आला की तसं सगळ्यांना सांगतो. स्टूल चष्मेवाल्याला देऊन टाकलं. त्याचे दोन्ही कल्ले हल्ली एका रेषेत असतात. मामा आणि भोवरी अजून खेळतात. कधी ही जिंकते, कधी तो. क्रेनवाले बाबा मागच्या सुट्टीत बिनवायरीचे दोन नवे, चकचकीत कंट्रोलर घेऊन आले. भोवरीनं ते पाहुण्यांसाठी ठेवलेत.

जाता जाता एकच मागणं मागतो. रागाच्या भरात आम्हाला फेकू नका. आम्हाला लागतं, फक्त ओरडता येत नाही. आणि आमची सगळी बटणं वापरा. ज्या बटणाला तुम्ही कधी हात लावला नाही, तेच नेमकं शेवटच्या क्षणी कामाला येईल. कारखान्यातल्या त्या बाई कधी भेटल्याच, तर मी त्यांना माझं पासचं बटण दाखवीन. त्याच्यावरचा रंग गेलाय, कडा झिजल्यात, मध्ये भोवरीच्या अंगठ्याएवढा खळगा पडलाय. माझं एकही बटण आता कोरं नाही.